साखरफुलं घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केकवर, श्रीखंडाच्या वाटीत किंवा खिरीवर ठेवायला साखरेचे बारीक कण चढवलेली खरीखुरी फुलं घरी करता येतात. साहित्य तीनच: फूल, साखर चिकटावी म्हणून काहीतरी, आणि बारीक साखर. कृती सांगायला पाच मिनिटं पुरतात. प्रश्न मात्र पुष्कळ येतात आणि त्यातले निम्मे कृतीबद्दल नसतातच. कोणतं फूल चालतं आणि हवा कशी लागते, हेच लोकांना विचारायचं असतं. म्हणून आधी ते.

गुलकंद आणि साखरफूल यांत फरक काय? दोन्हीकडे पाकळी आणि साखरच ना?

साहित्य तेच, काम उलटं. गुलकंदात बरणीत पाकळ्या आणि साखर थरावर थर भरतो. साखर पाकळीतलं पाणी ओढते, त्यात विरघळते आणि उन्हात पाक मुरत जातो. साखर विरघळावी हाच तिथे हेतू असतो. साखरफुलात ती अजिबात विरघळता कामा नये. पाकळीतलं पाणी हवेत निघून जायचं आणि कोरड्या साखरेचं कवच मागे राहायचं. पुढे जे जे बिघडतं, ते बहुतेक वेळा पाणी जायच्या ऐवजी आत अडकल्यामुळे किंवा बाहेरून आल्यामुळे बिघडतं.

वर्षातले कोणते महिने चांगले?

महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संक्रांतीचा काटेरी हलवा करणाऱ्या बायका थंडीची वाट पाहतात, कारण कोरड्या गार हवेत काटा छान उठतो. साखरफुलांचा हंगामही तोच. योगायोगाने नर्सरीत पॅन्सीची रोपं येतात तीही याच दिवसांत.

मार्च ते मे देशावर जमतं, फक्त फुलं काम करता करताच कोमेजतात, म्हणून थोडी थोडी खुडायची. किनाऱ्यावर, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे, उन्हाळ्यातही हवेत दमटपणा असतो, तिथे वाळायला जवळजवळ दुप्पट वेळ धरावा.

आणि पावसाळ्यात? माझ्या मुलीचा वाढदिवस जुलैत आहे.

सरळ सांगायचं तर टाळा. साखरेचा एक स्वभाव आहे: आजूबाजूच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की तिचे कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतात. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवा कितीतरी वेळा या आकड्याच्या वर असते. अशा हवेत तुमचा हात कितीही चांगला असो, फूल रात्रभरात चिकट होणार.

करायचंच असेल तर एसी असलेली खोली लागते. एसी खोली गार करताना हवेतलं पाणीही काढून घेतो, इथे उपयोग त्याचाच. दारं-खिडक्या बंद ठेवून फुलं तिथेच वाळवा आणि वाळल्यावर तिथल्या तिथे डब्यात भरा. दुसरा मार्ग असा की जानेवारीत करून ठेवलेल्या गुलाबाच्या पाकळ्याच जुलैत वापरायच्या. अखंड फुलांपेक्षा सुट्या पाकळ्या चांगल्या टिकतात.

कोणती फुलं घ्यावीत?

फूल खाणं आपल्याला नवं नाही. हादग्याच्या फुलांची भजी, केळफुलाची भाजी, शेवग्याच्या फुलांची भाजी, मोहाची फुलं हे सगळं घराघरांत झालेलं आहे. पण खाता येणारं प्रत्येक फूल साखरेत घोळवण्यासारखं नसतं. त्यासाठी पाकळी पातळ हवी, फूल चपटं हवं आणि आत फार रस नको.

सुरुवात गावठी गुलाबाच्या पाकळ्यांपासून करावी. फिका गुलाबी, वासाचा, ज्याचा गुलकंद करतात तो. पाकळी पातळ असते, पटकन वाळते आणि साखरेतूनही वास येत राहतो. पाकळीच्या बुडाचा पांढुरका भाग कडवट असतो, तो कात्रीने काढून टाकायचा.

दिसायला सगळ्यांत सुंदर होतात पॅन्सी आणि व्हायोला. फूल मुळातच चपटं, चेहरा मोठा, रंग गडद. पुणे, नाशिक, महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला थंडीत कुंड्यांमध्ये चांगली फुलतात. चव जवळजवळ नसते, पण केकवर ठेवलेल्या पॅन्सीकडे बघितल्यावर कोणी चवीबद्दल विचारत नाही.

गोकर्ण मला फार आवडतो. कुंपणावर वाढतो, कोकणातही भरपूर येतो, आणि त्याचा निळा रंग खाण्याच्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूत सहज मिळत नाही. एकेरी पाकळीचा घ्यावा, दुहेरी फुलाच्या घड्या आतून वाळत नाहीत. फूलच वापरायचं, गोकर्णाच्या बिया आणि मुळं रेचक असतात, त्यांच्या वाटेला जायचं नाही.

डायन्थसच्या पाकळ्या (बुडाचा पांढरा भाग काढून), नास्टर्शियम, बोरेज ही फुलंही चालतात. नास्टर्शियमला मोहरीसारखा तिखटपणा असतो, तो गोडाबरोबर सगळ्यांना रुचेल असं नाही. स्नॅपड्रॅगन खाता येतो, पण कडू लागतो.

पानंही करून बघा. पुदिन्याची कोवळी पानं साखरेत उत्तम वाळतात, चवीला तर कुठल्याही फुलापेक्षा सरस. हात बसेपर्यंत त्यांच्यावरच सराव करावा.

जास्वंद, मोगरा, झेंडू, शेवंती यांचं काय? घरी हीच असतात.

जास्वंद खाता येते, पण पाकळी मोठी आणि चिकट रसाची असते. वाळताना आक्रसून वेडीवाकडी होते. करायचीच तर पाकळीच्या पट्ट्या कापून करा. गरोदर स्त्रियांना जास्वंद देऊ नये असं परंपरेनेही सांगतात, ते पाळावं.

मोगऱ्याची पाकळी जाड असते आणि जराशी दुखावली तरी तपकिरी पडते. त्यापेक्षा मोगऱ्याच्या वासाची साखर करावी: कोरड्या साखरेच्या डब्यात रात्रभर फुलं ठेवायची, सकाळी काढून टाकायची. मोगरा म्हणजे मोगराच मात्र; त्याच्यासारखं दिसणारं, नाव माहीत नसलेलं पांढरं फूल नव्हे.

झेंडू आणि शेवंतीच्या सुट्या पाकळ्या वापरता येतात, अखंड फूल नाही. इतक्या घट्ट फुलाच्या पोटातलं पाणी साखर लावल्यावर बाहेर येतच नाही, आणि आठवड्यात बुरशी धरते. शिवाय या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असणारे लोक असतात, पाहुण्यांना आधी विचारलेलं बरं.

कोणती फुलं अजिबात नकोत?

हा भाग घाईत वाचू नका.

कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, दोन्ही हृदयावर परिणाम करणारी विषारी झाडं आहेत. धोतरा, रुई, घाणेरी नको. कळलावी दिसायला देखणी, पण तिच्यात कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं. चाफ्याचा पांढरा चीक त्रासदायक असतो. निशिगंध आणि गुलबक्षी वासाला किंवा रंगाला कितीही मोहक असली तरी खाण्याची नाहीत.

सर्वांत जास्त फसवते सदाफुली. पाच पाकळ्यांची, चपटी, गुलाबी, अंगणात बारा महिने. साखरफुलासाठीच घडवल्यासारखी दिसते. पण कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं ज्या झाडातून मिळतात ते हेच. इतकं प्रभावी काही ज्यात आहे ते फूल केकवर ठेवायचं नसतं.

नियम साधा ठेवा. फूल खाण्याचं आहे हे पक्कं माहीत असेल तरच घ्यायचं. ‘विषारी आहे असं ऐकलं नाही’ एवढ्यावर भागत नाही.

नुसतं शोभेला ठेवून, खाताना बाजूला काढलं तर विषारी फूल चालेल का?

नाही. देठाचा चीक आणि पाकळ्यांचा रस क्रीममध्ये उतरतो. आणि बाजूला काढायचं हे तुम्हाला माहीत असतं, चार वर्षांच्या पाहुण्याला नसतं.

फुलबाजारातून आणलेले गुलाब धुऊन वापरले तर?

दादरच्या फुलबाजारातले किंवा पुण्याच्या मार्केट यार्डातले गुलाब फुलदाणीसाठी आणि हारासाठी पिकवलेले असतात, पोटासाठी नाही. तळेगाव-मावळातल्या पॉलिहाउसमधले लांब दांड्याचे डच गुलाबही त्यातच आले. त्यांच्यावर कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं मारलेली असतात. काही कीटकनाशकं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाड ती शोषून घेतं आणि ती पाकळीच्या आतपर्यंत पोहोचतात. मिठाच्या पाण्याने धुवा नाहीतर सोड्याच्या, आतलं औषध निघत नाही.

नर्सरीतून आणलेल्या रोपालाही हेच लागू. त्यावर असलेली फुलं खुडून टाका, रोप घरी निदान दोन-तीन महिने औषधाशिवाय वाढवा आणि नव्या फुटीवर येणारी फुलं घ्या. पॅन्सीला एवढा वेळ देणं जड जातं, कारण तोवर थंडी सरते. म्हणून ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बियांपासून घरीच लावलेली चांगली. रस्त्याकडेची फुलं धुळीमुळे नकोत, आणि देवाला वाहून झालेली फुलंही नकोत. ती कुठून आली ते कळायला मार्ग नसतो.

फुलं खुडायची कधी?

सकाळी, दव पूर्ण वाळल्यावर आणि ऊन तापायच्या आधी. पूर्ण उमललेलं पण ताजं फूल घ्या. ओलं फूल म्हणजे पहिल्याच पायरीवर हरलेली बाजी. धुवायची गरज वाटली तर पाण्यात हलकेच बुडवून काढा, सुती कापडावर पसरा आणि खरंच कोरडी होईपर्यंत थांबा. आत किडा-मुंगी आहे का ते बघा. परागकण आणि पुंकेसर काढून टाका. ॲलर्जीचा धोका मुख्यतः त्यांचाच, आणि ते ओलसरही असतात.

आता कृती. अंड्याची पद्धत कशी?

एका अंड्याचा पांढरा बलक घ्या, त्यात चहाचा एक चमचा पाणी घाला आणि काट्याने हलकेच फेटा. फेस करायचा नाही, फक्त त्याचा तारेसारखा चिकटपणा मोडायचा. वर आलेला फेस बसू द्या. एवढ्यात तीन-चार डझन लहान फुलं सहज होतात.

चित्रकलेचा मऊ केसांचा नवा ब्रश घ्या, दोन किंवा तीन नंबरचा, आणि तो पुढे फक्त खाण्याच्या कामालाच ठेवा. फूल देठाला चिमट्याने धरा. ब्रश ओला करून वाटीच्या कडेला निपटून घ्या आणि पाकळीच्या दोन्ही बाजूंना पातळ थर द्या. घड्यांमध्ये, पाकळ्या एकमेकींवर चढतात तिथेही ब्रश गेला पाहिजे. जिथे बलक लागत नाही तिथे साखर बसत नाही, आणि जिथे साखर नाही तिथून फूल तपकिरी पडायला लागतं. उलट थर जाड झाला तर साखर भिजून पाक होते. ओलसर दिसावं पण थेंब ओघळू नये, हे प्रमाण पाच-सहा फुलांत हाताला कळतं.

मग फूल ताटलीवर धरून वरून बारीक गाळणीने साखर भुरभुरवा. उलटं करून मागेही. फूल साखरेत दाबू नका, पाकळ्या मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. देठावर टिचकी मारून जास्तीची साखर झाडा आणि बटर पेपरवर किंवा बारीक जाळीवर ठेवा. ठेवतानाच पाकळ्या चिमट्याने हव्या तशा उघडून घ्या, कारण ज्या आकारात ठेवाल त्याच आकारात ते वाळणार.

कच्चं अंडं खायला सुरक्षित असतं का?

कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि नुसतं वाळवल्याने ते मरत नाहीत. कोरड्या पदार्थातही ते बराच काळ तग धरतात. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसं खाणार असतील तर साध्या अंड्याची पद्धत नको. मोठ्या शहरांत पाश्चराइज केलेला पांढरा बलक मिळतो, तो वापरा. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मेरिंग पावडर मिळते, ती पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात कालवूनही चालते. पण मेरिंग पावडर अंड्याचीच असते, शाकाहारी समजून घेऊ नका.

अंडं चालत नाही. दुसरं काय?

डिंक. आणि खरं सांगायचं तर अंडं चालत असेल तरी डिंकच घ्या, हे माझं मत. काम जरा सावकाश होतं, पण कच्च्या अंड्याची काळजी नाही, वास नाही, आणि लाल-गुलाबी रंग चांगले राहतात.

चहाचा एक चमचा डिंकाची पूड पाच चमचे कोमट पाण्यात भिजवा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी ढवळून मलमलीतून गाळा. पाण्याऐवजी गुलाबपाणी घेता येतं, पण ते खाण्याचं असल्याचं बाटलीवर लिहिलेलं हवं. चेहऱ्याला लावायच्या गुलाबपाण्यात बाकी काय काय असतं ते पोटात जायला नको. हे पाणी फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं. ब्रशने लावायची रीत अंड्यासारखीच.

किराणा दुकानातला लाडवांचा डिंक चालतो का?

बाभळीच्या जातीतला, पाण्यात पूर्ण विरघळणारा डिंक चालतो. अडचण अशी की दुकानात ‘डिंक’ म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. धावड्याचा डिंक पूर्णपणे विरघळत नाही, गाळून बघावा लागतो. डिंक कतीरा तर मुळीच नको, तो विरघळत नाही, फुगतो. उन्हाळ्यात सरबतात घालतात तो हाच. घरातला डिंक कुठला ते कळत नसेल तर दोन खडे पाण्यात टाकून सकाळी बघा: पाणी एकसारखं दाटसर झालं तर तुमचा डिंक कामाचा, जेलीसारखा गोळा दिसला तर तो सरबताला ठेवा. केकच्या सामानाच्या दुकानात गम अरेबिक नावाने पूड मिळते, ती घेतली की हा प्रश्नच राहत नाही.

छोल्याचं पाणी वापरतात म्हणे?

वापरतात. बिनमिठाचे काबुली चणे शिजवलेलं पाणी मंद आचेवर आटवून अंड्याच्या बलकाइतकं दाट करायचं आणि गार करून लावायचं. त्याच दिवशी वापरायच्या फुलांसाठी ठीक. टिकाऊपणात डिंकाची बरोबरी होत नाही.

साखर कोणती? पिठीसाखर घरात असतेच.

पिठीसाखर नको. ती ओल्या थरात लगेच विरघळून पांढरट लेप होतो आणि विकतच्या आयसिंग शुगरमध्ये मक्याचं पीठही असतं. नेहमीची दाणेदार साखर जाड पडते आणि आपल्याच वजनाने पाकळी वाकवते. मधली हवी, बारीक रव्याइतकी. कॅस्टर शुगर विकत मिळते, नाहीतर साखर मिक्सरमध्ये थांबून थांबून दोन-तीनदा फिरवा आणि चाळा. चाळणीखाली जी अगदी पिठासारखी पूड पडते ती चहाला वापरा, वर राहतात ते बारीक कण फुलांना.

गूळ, ब्राउन शुगर, खांडसरी हे इथे चालत नाही. त्यांतली मळी आणि इतर साखरा हवेतलं पाणी पांढऱ्या साखरेपेक्षा लवकर ओढतात.

ताटलीत उरलेली साखर अंड्याला लागलेली असेल तर भाजल्या जाणाऱ्या केकमध्ये घाला. पुन्हा डब्यात ओतू नका.

वाळायला किती वेळ? ओव्हन चालेल का?

थंडीतल्या कोरड्या हवेत पाकळ्या १२ तासांत, अखंड फुलं २४ ते ३६ तासांत. सहा-सात तासांनी एकदा उलटायची. वाळलेली पाकळी कडक लागते आणि वाकवली तर मोडते. वाकून पुन्हा सरळ झाली, तर अजून पाणी आहे.

ओव्हनबद्दल उत्साह नको. बऱ्याच ओटीजींवरचा सर्वांत खालचा आकडाच १०० अंश असतो, त्यात फुलं भाजून निघतात. फार तर ओव्हन बंद ठेवून आतला दिवा लावायचा. डिहायड्रेटर, म्हणजे पदार्थ वाळवायचं यंत्र, असेल तर ३५ ते ४० अंशांवर ठेवा. थेट उन्हात ठेवलं तर रंग उडतो. पंख्याखाली ठेवलं तर चांगलं, पण पंखा मंद हवा, नाहीतर पाकळ्या पुस्तकाच्या पानांत जाऊन सापडतात.

मुंग्या?

परातीत थोडं पाणी, मध्ये उपडी वाटी, वाटीवर फुलांचं ताट. आजीची पद्धत, आणि अजून तरी मुंग्यांना तिच्यावर तोड सापडलेली नाही. परातीतलं पाणी मात्र अगदी थोडं ठेवा. वाळवण पाण्यावरच टांगलेलं असणं तसं बरं नाही.

लाल गुलाब जांभळट-निळा का झाला?

लाल, गुलाबी, जांभळ्या पाकळ्यांतला रंग बहुतेक अँथोसायनिन प्रकारचा असतो. तो आंबट माध्यमात लालसर आणि अल्कधर्मी माध्यमात निळसर होतो. अंड्याचा पांढरा बलक अल्कधर्मी असतो, आणि अंडं जितकं शिळं तितका जास्त. म्हणून ताजं अंडं घ्या आणि बलकात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. डिंकाचं पाणी मुळातच किंचित आम्ल असल्याने तिथे लिंबू लागत नाही.

गोकर्णाला लिंबू लावू नका. निळ्याचा जांभळा होईल. जांभळाच हवा असेल तर गोष्ट वेगळी.

फुलं वाळल्यावर मऊ पडली / काळी पडली / साखर गळली. का?

मऊ पडली तर पूर्ण वाळायच्या आधी डब्यात भरली गेली किंवा डबा उघडा राहिला. अजून बुरशी किंवा वास नसेल तर कोरड्या खोलीत पुन्हा पसरा. डाग पडले असतील तर तिथे थर पोहोचला नव्हता किंवा फूल खुडताना दाबलं गेलं. साखर गळत असेल तर थर लावल्यावर साखर घालायला उशीर झाला. एका वेळी एकच फूल हातात घ्या, सगळ्यांना थर लावून मग सगळ्यांना साखर, असा कारखाना चालत नाही. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी त्या डब्यातलं सगळं टाका.

अखंड गुलाब करता येतो का?

मोठा गुलाब नाही. मध्यभाग वाळत नाही. पाकळ्या सुट्या करा आणि वाळल्यावर केकवरच लहान-मोठ्या क्रमाने रचून पुन्हा गुलाब उभा करा, खाली आयसिंगचा छोटा ठिपका दिला की पाकळी जागेवर राहते. अर्ध्या तासाचं काम आहे आणि बघणाऱ्याला ते एकसंध फूलच वाटतं.

टिकतात किती? फ्रीजमध्ये ठेवू का?

पूर्ण वाळलेल्या पाकळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, बटर पेपरच्या थरांमध्ये, अंधाऱ्या कोरड्या जागी काही महिने राहतात. अखंड फुलं मी दोन महिन्यांपलीकडे ठेवत नाही. डब्यात खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी टाका. फुलं वाळवण्याच्या हस्तकलेसाठी मिळते ती सुटी सिलिका नको. पुडीऐवजी तांदूळ टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याचा उपयोग फारच थोडा.

फ्रीज नाहीच. डबा बाहेर काढला की गार फुलावर हवेतलं पाणी धरतं आणि साखर तिथल्या तिथे ओली होते.

केकवर कधी लावायची? श्रीखंडावर चालतात का?

बटरक्रीम किंवा फाँडंटच्या केकवर काही तास आधी लावलेली चालतात. बेकरीत सर्रास वापरतात त्या व्हिप क्रीमवर, चीज केकवर, मूसवर अगदी वाढायच्या आधी, कारण खालून ओल येते. केक फ्रीजमध्ये राहणार असेल तर तो बाहेर येऊन त्यावरचा घाम जाऊ द्या, मग फुलं.

श्रीखंड, बासुंदी, खीर, रसमलाई यांच्यावर वाटी समोर ठेवतानाच फूल ठेवायचं. पाच-दहा मिनिटं कुरकुरीत राहतं, पुढे विरघळून गोडवा सोडतं. फूलच इतकं गोड असल्याने श्रीखंडात साखर थोडी हात राखून घातलेली बरी. केशरी श्रीखंडावर गोकर्ण ठेवून बघा. पानाच्या चवीच्या कुल्फीवर गुलाबाच्या पाकळ्या उत्तम. नैवेद्यासाठी अर्थातच डिंकाची.

युरोपातली ती प्रसिद्ध साखरेतली व्हायोलेट आपल्याकडे करता येतील का?

ती खासियत फ्रान्समधल्या तुलूझ शहराची. तिथल्या मिठाईवाल्यांच्या पद्धतीत फुलांवर पाकातून साखरेचे स्फटिक चढवतात, म्हणून ती आपल्या घरगुती फुलांपेक्षा जाड, कडक आणि कितीतरी जास्त टिकाऊ असतात. हिमालयात याच कुळातलं बनफशा होतं आणि काष्ठौषधींच्या दुकानात ते वाळलेलं मिळतं, पण वाळलेल्या फुलाचं साखरफूल होत नाही. आपल्याकडे जवळचा पर्याय म्हणजे जांभळी व्हायोला.

एक सावधगिरी: नर्सरीत ‘आफ्रिकन व्हायोलेट’ नावाने मिळणाऱ्या घरातल्या कुंडीतल्या झाडाचा या व्हायोलेटशी काही संबंध नाही. ते फूल खाण्याचं नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे काय वेगळं?

हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की वाळवणाची अर्धी चिंता संपते. वसंतात बागेत प्रिमरोझ, व्हायोलेट, पॅन्सी असतात, ती सगळी चालतात. पण कुंडीत मिळणाऱ्या प्रिम्युलाच्या काही जातींनी अंगावर पुरळ येतं, म्हणून बागेतला साधा पिवळा प्रिमरोझच घ्या. लिली ऑफ द व्हॅली, फॉक्सग्लव्ह, डॅफोडिल आणि स्वीट पी विषारी आहेत. स्वीट पीच्या नावात ‘स्वीट’ आहे आणि ‘पी’ही आहे, तरी.

विकायची असतील तर?

घरून विकतानाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. अंडं वापरलं असेल तर नियमाने तो मांसाहारी पदार्थ ठरतो, पाकिटावर चौकोनातला तपकिरी त्रिकोण हवा. फुलाचं नाव, चिकट थर कशाचा, केल्याची तारीख हे लिहा. किंमत ठरवताना साखरेचा खर्च धरू नका, तो नगण्य असतो. एका पॅन्सीला दोन-तीन मिनिटं लागतात आणि शेकड्यातली काही वाळताना फुकट जातात, हिशोब त्यावर करा. आणि जून ते सप्टेंबरच्या ऑर्डरी एसीची खोली असेल तरच घ्या.